जीएफएस२ वर फाइल लॉक मंद का पडते आणि ते कसे सुधारावे

एका सर्व्हरवर वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली प्रणाली सामायिक डिस्कवरच्या क्लस्टर फाइल सिस्टीमवर, म्हणजे अनेक सर्व्हर (नोड) एकाच वेळी वापरतात अशा फाइल सिस्टीमवर, नेली, की थोड्याच दिवसांत मंदपणाच्या तक्रारी सुरू होतात. प्रशासक डिस्क तपासतो तर ती निवांत असते, प्रोसेसर रिकामा असतो, नेटवर्कवरही म्हणावी अशी रहदारी नसते. तरीही मेलबॉक्स उघडायला काही सेकंद जातात आणि रात्रीचे हिशेबाचे काम सकाळपर्यंत रेंगाळते. सगळी यंत्रसामग्री रिकामी आणि काम मात्र अडलेले, असे चित्र दिसले तर पहिला संशय फाइल लॉकवर, म्हणजे एकाच फाइलवर दोघांनी एकाच वेळी काम करू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या राखीव हक्कावर, घ्यावा. ह्या मार्गदर्शिकेत लिनक्सवरील जीएफएस२ ह्या फाइल सिस्टीमचे उदाहरण घेऊन लॉकचा वेळ कसा मोजावा, तो नेमका कुठे खर्च होतो हे कसे ओळखावे आणि त्यावर काय करावे हे सांगितले आहे. आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टंकावीत.

लॉक कोणत्या वाटेने जाते

सेटिंग बदलण्याची घाई येथे महागात पडते, कारण जीएफएस२ वर लॉक ही एकच गोष्ट नाही. ते तीन निरनिराळ्या वाटांनी जाते, तिन्हींची किंमत वेगळी आहे आणि एका वाटेसाठीचा उपाय दुसऱ्या वाटेवर निरुपयोगी ठरतो.

पहिली वाट एफसीएनटीएल ह्या सिस्टीम कॉलची, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) केलेल्या विनंतीची आहे. पॉझिक्स ह्या युनिक्सच्या मानकातील हे लॉक संपूर्ण फाइलवर किंवा तिच्यातील ठरावीक बाइटांपुरते घेता येते, आणि जीएफएस२ च्या परिभाषेत त्याला प्लॉक म्हणतात. एखाद्या प्रोसेसने असे लॉक मागितले, की कर्नल त्या मागणीचा निकाल स्वतः लावत नाही. कर्नल ती मागणी डीएलएम_कंट्रोलडी ह्या डीमनकडे (पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे) सोपवते, तो डीमन कोरोसिंक ह्या नोडांमधील संदेशवहनाच्या प्रणालीमार्फत ती क्लस्टरमधील सर्व नोडना एकाच ठरलेल्या क्रमाने पोहोचवतो, प्रत्येक नोड आपल्याकडील नोंदीत तो बदल करतो, आणि त्यानंतर मूळ प्रोसेसला उत्तर मिळते. लॉक सोडल्याचा संदेशही ह्याच वाटेने जातो. कोरोसिंकचा टोटेम हा प्रोटोकॉल नोडांच्या वर्तुळात एक टोकन फिरवत ठेवतो आणि ज्याच्या हाती टोकन असेल त्याच नोडला संदेश पाठवता येतो. त्यामुळे प्रत्येक लॉकच्या वेळात टोकनाची पाळी येईपर्यंतचा काळही धरावा लागतो, आणि नोडांची संख्या वाढली की तो काळही वाढतो.

दुसरी वाट फ्लॉक ह्या सिस्टीम कॉलची. हे लॉक नेहमी संपूर्ण फाइलवर असते आणि जीएफएस२ त्यासाठी कर्नलमधील डीएलएम, म्हणजे वितरित लॉक व्यवस्थापक, थेट वापरते. डीएलएममध्ये प्रत्येक लॉकचा एक मास्टर नोड ठरलेला असतो. मागणी त्या एकाच नोडकडे जाते, आणि मागणारा स्वतःच मास्टर असेल तर नेटवर्कवर एकही संदेश जात नाही. पाटाच्या पाण्याची पाळी पाटकऱ्याला विचारून घेणे आणि त्याच पाळीसाठी दर वेळी ग्रामसभा भरवणे ह्यांत जितका फरक आहे, तितका फ्लॉक आणि प्लॉक ह्यांत आहे.

तिसरी वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिसतच नाही. फाइल वाचताना, लिहिताना, निर्देशिकेत नवी नोंद करताना जीएफएस२ स्वतःसाठी जी लॉक घेते त्यांना जीलॉक म्हणतात, आणि तीही डीएलएमवरच उभी आहेत. एखाद्या नोडकडे फाइलच्या इनोडचे (डिस्कवरील तिच्या मूळ नोंदीचे) अनन्य जीलॉक असताना दुसऱ्या नोडने तीच फाइल मागितली, तर पहिल्या नोडला आपले जर्नल (बदलांची नोंदवही) डिस्कवर फ्लश करावे लागते, बदललेली पाने डिस्कवर लिहावी लागतात, त्या फाइलचा कॅशे टाकून द्यावा लागतो आणि मगच ते जीलॉक सोडता येते. येथे वेळ मुख्यतः डिस्कवर लिहिण्यात जातो, म्हणून हा खर्च एका नेटवर्क संदेशापेक्षा पुष्कळ मोठा असू शकतो. शिवाय जीलॉक लगेच हिसकावले जाऊन काहीच काम होऊ नये अशी वेळ टाळण्यासाठी कर्नल इनोडचे जीलॉक किमान काही काळ नोडकडे राहू देते. हा काळ आरंभी सुमारे २०० मिलिसेकंद असतो आणि परिस्थितीनुसार कर्नल तो कमी-जास्त करत राहते.

प्रोग्रॅमचे लॉक मंद आहे अशी ज्यांची खात्री असते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा वेळ प्रत्यक्षात ह्या तिसऱ्या वाटेवर गेलेला असतो. लॉक घेतल्यानंतर प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहितोच, आणि ते लिहिणे नोडांमध्ये उड्या मारत असेल तर प्लॉक कितीही वेगवान केले तरी एकूण कामात फरक पडत नाही.

मोजमाप

पहिले काम एसट्रेसचे, म्हणजे प्रोसेसचे सिस्टीम कॉल दाखवणाऱ्या साधनाचे. ज्या प्रोसेसबद्दल तक्रार आहे तिचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) घेऊन एसट्रेस चालवावे, फक्त एफसीएनटीएल आणि फ्लॉक हे दोन कॉल निवडावेत, उपप्रोसेस असतील तर -एफ द्यावे आणि प्रत्येक कॉलला लागलेला वेळ दिसण्यासाठी मोठ्या लिपीतील -टी हा पर्याय द्यावा. बेरजेचा तक्ता हवा असेल तर -सी वापरतात, परंतु नुसते -सी दिले तर एसट्रेस केवळ कर्नलमध्ये खर्च झालेला प्रोसेसरचा वेळ मोजते. लॉकची वाट पाहत झोपलेली प्रोसेस प्रोसेसर वापरत नाही, म्हणून नेमका आपल्याला हवा असलेला वेळ त्या तक्त्यातून नाहीसा होतो आणि सगळे काही ठीक असल्याचा भास होतो. त्यासाठी -सी च्या जोडीला -डब्ल्यू द्यावे, म्हणजे घड्याळाचा वेळ मोजला जातो. एफसीएनटीएल हा कॉल लॉकखेरीज इतरही किरकोळ कामांना वापरला जातो, त्यामुळे तपशील पाहताना एफ_सेटएलके आणि एफ_सेटएलकेडब्ल्यू असलेल्या ओळीच विचारात घ्याव्यात.

कोणती फाइल अडवते आहे हे पाहण्यासाठी प्रॉक निर्देशिकेतील लॉक्स ही फाइल उपयोगी पडते. तिच्यात पॉझिक्स की फ्लॉक हा प्रकार, पीआयडी आणि इनोड क्रमांक मिळतो. मात्र ती त्या एकाच नोडवरील लॉक दाखवते. संपूर्ण क्लस्टरमधील प्लॉक पाहायचे असतील तर डीएलएम_टूल प्लॉक्स ही आज्ञा फाइल सिस्टीमच्या नावासह द्यावी. कोणत्या नोडवरील कोणत्या प्रोसेसने कोणत्या बाइटांचे लॉक धरले आहे आणि कोण वाट पाहत आहे, हे तिच्यातून कळते. येथे एक सावधानता बाळगावी: लॉक कोणाकडे आहे ह्या एफ_गेटएलकेच्या विचारणेला मिळालेला पीआयडी दुसऱ्या नोडवरील प्रोसेसचा असू शकतो, म्हणून त्या क्रमांकाची प्रोसेस आपल्याच नोडवर आहे असे समजून तिला संपवू नये.

दुसरे साधन पिंग_पाँग हा छोटा प्रोग्रॅम. सांबा ह्या फाइल सर्व्हरचे मूळ लेखक अँड्र्यू ट्रिजेल ह्यांनी तो लिहिला असून सांबाच्या क्लस्टरसाठीच्या सीटीडीबी ह्या साधनासोबत तो मिळतो. त्याला सामायिक फाइल सिस्टीमवरील एका फाइलचे नाव आणि एक संख्या द्यायची असते. ही संख्या नोडांच्या संख्येपेक्षा एकने जास्त असावी, म्हणजे तीन नोडांच्या क्लस्टरवर ४. प्रोग्रॅम पुढच्या बाइटचे लॉक घेतो, मागच्या बाइटचे सोडतो आणि असाच गोल फिरत राहतो. पडद्यावर दर सेकंदाला किती लॉक झाली ते दिसत राहते.

आधी तो एकाच नोडवर चालवावा आणि आकडा टिपून ठेवावा. मग तो चालू असतानाच दुसऱ्या नोडवर तीच फाइल आणि तीच संख्या देऊन चालवावा, त्यानंतर तिसऱ्यावर. दुसरा नोड सामील होताच आकडा घसरला पाहिजे आणि सर्व नोडांवर तो साधारण सारखा दिसला पाहिजे. आकडा अजिबात घसरला नाही तर आनंद मानू नये. लॉक त्या त्या नोडपुरतेच राहत आहे आणि दोन नोड एकाच वेळी तेच लॉक आपले समजत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. साध्या स्थानिक डिस्कवर हा आकडा सेकंदाला लाखांच्या घरात जातो, म्हणून क्लस्टरवर तसला आकडा दिसला की आधी माउंटचे पर्याय तपासावेत.

खरा निर्णायक प्रयोग ह्यानंतरचा आहे. तीच चाचणी -आरडब्ल्यू हा पर्याय देऊन पुन्हा करावी. आता प्रोग्रॅम प्रत्येक लॉकबरोबर त्या बाइटमध्ये वाचतो व लिहितो, म्हणजे प्लॉकच्या जोडीला इनोडचे जीलॉकही नोडांमध्ये फिरू लागते. ह्या चाचणीत ‘डेटा इन्क्रिमेंट’ म्हणून जी संख्या छापली जाते ती चालू असलेल्या नोडांच्या संख्येइतकी असावी. ती तशी नसेल तर कॅशेची सुसंगती बिघडलेली आहे आणि वेगाचा विचार बाजूला ठेवून आधी तो दोष शोधावा. -आरडब्ल्यूशिवायचा आकडा बरा आणि -आरडब्ल्यूसह तो कोसळतो, असे असेल तर अडचण जीलॉकची आहे. दोन्ही आकडे सारखेच वाईट असतील तर प्लॉकची वाट तपासावी. माझ्या मते पुढचे सर्व निर्णय ह्या दोन आकड्यांवरून घ्यावेत आणि ते टिपून ठेवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये.

जीलॉककडे बोट वळले तर डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टीम) माउंट करून कर्नलच्या डीबग निर्देशिकेतील जीएफएस२ ह्या उपनिर्देशिकेत जावे. तेथे प्रत्येक फाइल सिस्टीमच्या नावाखाली जीलॉक्स आणि जीएलस्टॅट्स अशा फाइली असतात. जीलॉक्समध्ये ‘जी:’ ने सुरू होणारी ओळ म्हणजे एक जीलॉक आणि तिच्याखालच्या ‘एच:’ ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे ते धरणाऱ्या किंवा त्याची वाट पाहणाऱ्या प्रोसेस. वाट पाहणाऱ्यांच्या खुणांमध्ये मोठ्या लिपीतील डब्ल्यू हे अक्षर असते. एका जीलॉकखाली अशा वाट पाहणाऱ्यांची रांग दिसली की तेच दुखणे. ‘एन:’ पुढील आकड्यांपैकी पहिला प्रकार सांगतो: २ म्हणजे इनोड, ३ म्हणजे डिस्कवरील जागेच्या वाटपाचा गट, ६ म्हणजे फ्लॉक. तिरक्या रेघेनंतरचा आकडा षोडशमान पद्धतीत असतो. प्रकार २ असेल तर तो दशमानात बदलून फाइंड आज्ञेच्या -इनम पर्यायाला द्यावा, म्हणजे फाइलचे किंवा निर्देशिकेचे नाव मिळते. पुष्कळदा ती फाइल नसून निर्देशिका निघते, कारण तिच्यात प्रत्येक नोड सतत तात्पुरत्या फाइली निर्माण करत आणि पुसत असतो.

जीएलस्टॅट्समध्ये प्रत्येक जीलॉकची सरासरी वेळ नॅनोसेकंदांत दिलेली असते. एसआरटीटी ही कोणाची वाट न पाहता मिळणाऱ्या उत्तरांची वेळ आणि एसआरटीटीबी ही दुसऱ्या नोडची वाट पाहावी लागू शकेल अशा मागण्यांची. पहिली मोठी असेल तर नेटवर्क किंवा डीएलएम संथ आहे. पहिली लहान आणि दुसरी मोठी असेल तर नोडांमध्ये ओढाताण चालली आहे.

प्लॉकची वाट मोकळी करणे

पिंग_पाँगचा आकडा शंभराच्या जवळपास चिकटून बसलेला असेल आणि प्रणाली जुनी असेल, तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ मध्ये प्लॉकचे काम जीएफएस_कंट्रोलडी हा डीमन करत असे आणि लॉकच्या संदेशांनी क्लस्टरचे नेटवर्क तुंबू नये म्हणून एका नोडवरून सेकंदाला १०० संदेश एवढी मर्यादा त्यात आधीपासून घातलेली होती. एका व्यवहारात दोन लॉक घ्यायची आणि दोन सोडायची असतील तर चार संदेश झाले. म्हणजे यंत्र कितीही दणकट असले तरी एका नोडवर सेकंदाला २५ च्या वर व्यवहार होणे शक्यच नव्हते. क्लस्टरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्लॉक_रेट_लिमिट ० केले की ही मर्यादा उठते. आवृत्ती ६ मध्ये हे सेटिंग त्याच फाइलीतील डीएलएमच्या टॅगमध्ये गेले, आणि ७ पासून ते ईटीसी निर्देशिकेखालील डीएलएम ह्या उपनिर्देशिकेतील डीएलएम.कॉन्फ ह्या फाइलमध्ये आहे. नव्या प्रकाशनांत मर्यादा मुळातच ० असते, त्यामुळे तेथे हा उपाय करून पाहण्यात वेळ घालवू नये. जुन्या क्लस्टरवर मात्र केवळ ह्या एका बदलाने तक्रार मिटू शकते.

दुसरे सेटिंग प्लॉक_ओनरशिप. ते १ केले, की एखाद्या फाइलवर प्लॉक मागणारा नोड एकटाच असेल तर त्या फाइलच्या लॉकची मालकी त्याला मिळते आणि पुढची सर्व लॉक तो इतरांना न विचारता आपल्यापुरती देऊ-घेऊ शकतो. दुसऱ्या नोडने त्याच फाइलवर लॉक मागितले, की मालकी सुटते आणि प्रत्येक मागणी पुन्हा सर्व नोडांकडे जाऊ लागते. ही मालकी संपूर्ण फाइलची असते, बाइटांची नव्हे. एक नोड फाइलच्या पहिल्या भागात आणि दुसरा शेवटच्या भागात लॉक घेत असेल, त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसेल, तरीही मालकीचा लाभ कोणालाच मिळत नाही. उलट मालकी देण्याघेण्याचे संदेश वाढतात, म्हणून ज्या फाइलींवर सर्वच नोड सतत लॉक घेतात त्यांच्यासाठी हे सेटिंग थोडे नुकसानकारकही ठरू शकते. सर्व नोडांवर हे मूल्य एकसारखे ठेवावे. बदल लागू करण्यासाठी फाइल सिस्टीम अनमाउंट करून क्लस्टरची सेवा सर्वत्र थांबवून पुन्हा सुरू करण्याची तयारी ठेवावी.

तिसरा आणि अनेकदा सर्वांत चांगला उपाय प्रोग्रॅमच्या बाजूला असतो: बाइटांपुरत्या लॉकची गरज नसेल तर एफसीएनटीएलऐवजी फ्लॉक वापरावे. काही सर्व्हर प्रोग्रॅममध्ये त्यासाठी तयार सेटिंग असते. डव्हकॉट ह्या मेल सर्व्हरमध्ये लॉक_मेथड ह्या सेटिंगने इंडेक्स फाइलींसाठी फ्लॉक निवडता येते, आणि क्लस्टर फाइल सिस्टीमवर त्याच्या जोडीला एममॅप_डिसेबल (फाइल थेट मेमरीत जोडणे बंद करणारे) हे सेटिंग चालू ठेवायचे असते. त्या फाइलींना हात लावणारे सर्व प्रोग्रॅम एकच पद्धत वापरतात ना, एवढी खात्री मात्र अवश्य करावी. एकाने फ्लॉक आणि दुसऱ्याने एफसीएनटीएल घेतले तर ते एकमेकांना दिसत नाहीत, आणि फाइल बिघडते तेव्हा नोंदींमध्ये त्याचा मागमूसही नसतो.

एसक्यूलाइट ह्या एका फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसच्या बाबतीत हा पर्याय सरळ मिळत नाही. युनिक्सवर ते एफसीएनटीएलचीच लॉक घेते, आणि त्याची वॉल (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलीत लिहिण्याची) ही पद्धत सामायिक मेमरीवर अवलंबून असल्यामुळे वेगवेगळ्या यंत्रांवरील प्रोसेसमध्ये ती चालतच नाही. दोन नोडांनी एकच एसक्यूलाइट फाइल लिहायची अशी रचना असेल तर लॉकचा वेग वाढवण्याची खटपट सोडून तो डेटा पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबीसारख्या डेटाबेस सर्व्हरकडे द्यावा.

ओढाताण कमी करणे

सेटिंगने मिळणारा फायदा मर्यादित असतो. मोठा फायदा कामाची वाटणी बदलून मिळतो. जीलॉक एकदा नोडकडे आले की ते कॅशेत राहते, आणि तोच नोड तीच फाइल पुन्हा वापरत असेल तर त्याला कोणाला विचारावे लागत नाही. म्हणून कोणती फाइल कोणत्या नोडवरून वापरली जाते हे शक्य तितके स्थिर ठेवावे. मेलच्या बाबतीत एका वापरकर्त्याच्या सर्व जोडण्या एकाच नोडकडे वळवाव्यात, म्हणजे त्याच्या मेलबॉक्सची आणि इंडेक्सची लॉक त्या नोडवरून हलत नाहीत. वेब सर्व्हरांच्या बाबतीत लोड बॅलन्सरने एकाच ग्राहकाला त्याच त्या नोडकडे पाठवावे. पीएचपीची सत्रे फाइलींत ठेवली असतील तर प्रत्येक विनंतीच्या आरंभी सत्राच्या फाइलवर फ्लॉक घेतले जाते आणि सहसा विनंती संपेपर्यंत ते धरलेले असते. अशी सत्रे सामायिक फाइल सिस्टीमवरून काढून रेडिस किंवा मेमकॅशेड ह्या मेमरीतील साठ्यांत ठेवणे शहाणपणाचे.

लॉग, तात्पुरत्या फाइली आणि पीआयडी फाइली प्रत्येक नोडच्या स्थानिक डिस्कवर हलवाव्यात. त्या सामायिक ठेवण्याचे सबळ कारण असेल तर निदान प्रत्येक नोडसाठी वेगळी निर्देशिका करावी. फाइल निर्माण करताना व पुसताना निर्देशिकेचे अनन्य जीलॉक लागते, त्यामुळे हजारो छोट्या फाइली असलेली एकच निर्देशिका सर्व नोडांनी वापरणे हा मंदपणाला दिलेला राजरोस परवाना आहे. मेलडिर पद्धतीचा (प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असलेला) मेल जीएफएस२ वर जड जातो तो ह्याच कारणाने.

माउंट करताना नोएटाइम द्यावे. फाइल नुसती वाचली तरी तिच्या वाचनाची वेळ नोंदवण्यासाठी इनोड लिहावा लागू शकतो आणि त्यासाठी अनन्य जीलॉक लागते. म्हणजे जेथे सर्व नोडांनी सुखाने एकत्र वाचायचे तेथे ते एकमेकांना अडवू लागतात. हा फुकटात मिळणारा फायदा आहे आणि वाचनाची वेळ खरोखर हवी असते असे प्रोग्रॅम फार थोडे आहेत.

रात्रीच्या बॅकअपकडेही पाहावे. एका नोडवरून संपूर्ण फाइल सिस्टीम वाचून काढली, की त्या प्रत्येक फाइलचे जीलॉक त्या नोडच्या कॅशेत जाऊन बसते. सकाळी इतर नोड कामाला लागले, की त्यांना एकेक लॉक त्या नोडकडून मागून घ्यावे लागते आणि दिवसाचा पहिला तासभर सगळेच संथ चालते. शक्य असेल तर प्रत्येक नोडने स्वतः वापरत असलेल्या निर्देशिकांचा बॅकअप स्वतःच घ्यावा. ते जमत नसेल तर बॅकअप संपताच त्या नोडवर कर्नलच्या ड्रॉप_कॅशेस ह्या फाइलमध्ये ३ लिहावे, म्हणजे कॅशेबरोबर जीलॉकही मोकळी होतात. साऱ्या फाइल सिस्टीमवर अपडेटडीबी (फाइलींच्या नावांची सूची करणारी आज्ञा) चालवणारे रोजचे काम असेल तर जीएफएस२ चे माउंट त्यातून वगळावे.

लोकलफ्लॉक्सचा मोह

माउंटच्या पर्यायांत लोकलफ्लॉक्स असा एक पर्याय आहे. तो दिला की एफसीएनटीएल आणि फ्लॉक ही दोन्ही लॉक त्या नोडपुरती राहतात आणि आकडे एकदम स्थानिक डिस्कसारखे दिसू लागतात. क्लस्टरच्या दृष्टीने ही लॉक मग अस्तित्वातच नसतात. जीएफएस२ ची फाइल सिस्टीम एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीने) इतरांना द्यायची असेल तर मात्र रेड हॅटच्या सूचनेनुसार हा पर्याय द्यावाच लागतो, आणि त्याच्या जोडीला अट अशी असते की एका वेळी एकाच नोडवरून निर्यात व्हावी व त्याच फाइली थेट जीएफएस२ वरून कोणी वापरू नयेत. इतरत्र कोणी हा पर्याय वेगाचा उपाय म्हणून सुचवला तर पिंग_पाँग दोन नोडांवर चालवून दाखवावे. आकडा घसरत नाही हे पाहिल्यावर वेगळे स्पष्टीकरण सहसा द्यावे लागत नाही.

इतर फाइल सिस्टीमांवर

ओरॅकलची ओसीएफएस२ कर्नलमध्ये २००६ साली जीएफएस२ च्या काही महिने आधी, २.६.१६ ह्या प्रकाशनात आली. तिच्यावर फ्लॉक क्लस्टरभर चालते, पण एफसीएनटीएलचे लॉक कोणती क्लस्टर यंत्रणा खाली आहे त्यावर अवलंबून असते. ओ२सीबी ही तिची स्वतःची यंत्रणा वापरली तर ते लॉक नोडपुरतेच राहते. क्लस्टरभर हवे असेल तर पेसमेकर ह्या क्लस्टर व्यवस्थापकाची व कोरोसिंकची जोड लागते. तेथून ते त्याच डीएलएम_कंट्रोलडीमार्फत जाते, त्यामुळे वरील प्लॉकविषयीचे बोलणे तेथेही लागू पडते.

लस्टर ह्या वितरित फाइल सिस्टीममध्ये क्लायंट माउंट करताना फ्लॉक, लोकलफ्लॉक आणि नोफ्लॉक असे तीन पर्याय असतात. पहिल्यात लॉकचा निर्णय मेटाडेटा सर्व्हरवर (फाइलींची नावे व इतर माहिती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) होतो आणि तो सर्व क्लायंटांना बांधील असतो, दुसऱ्यात लॉक त्या क्लायंटपुरते राहते, आणि तिसऱ्यात लॉक मागणाऱ्या प्रोग्रॅमला ते उपलब्ध नसल्याची त्रुटी मिळते. प्रत्येक लॉक मेटाडेटा सर्व्हरकडे जात असल्यामुळे शेकडो क्लायंटांवरून एकाच फाइलवर लॉक घेणाऱ्या कामात तोच सर्व्हर तुंबतो. तेथे क्लायंटवरचे सेटिंग बदलून काही साधत नाही, लॉक घेणाऱ्या प्रोसेसची संख्याच कमी करावी लागते.

नवी उभारणी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या १० व्या आवृत्तीपासून जीएफएस२ ज्या रेझिलियंट स्टोरेज जोडणीत येत असे ती देणे बंद केले आहे. आवृत्ती ८ किंवा ९ वरील चालू क्लस्टरवर वरील उपाय करणे योग्यच आहे, पण त्याच वेळी एसट्रेस आणि डीएलएम_टूल ह्यांच्या नोंदींतून ज्या फाइलींवर नोडांची खरोखर ओढाताण होते त्यांची यादी करून ठेवावी; पुढच्या स्थलांतरात डेटाबेसकडे किंवा ऑब्जेक्ट स्टोअरकडे आधी काय हलवायचे, हे त्याच यादीवरून ठरवता येते.